खुबानी आणि पहिलं शील

माझा मुलगा संभाजी वंदना घ्यायचा तेव्हा मालनबाईंसाठी थांबायचा. पुढे बसून तो एक ओळ म्हणायचा, मग सगळे ती म्हणायचे, आणि सगळ्यांची म्हणून झाली तरी मालनबाईंची बाकी असायची. ऐंशीच्या पुढचं वय, तोंडात दात नाहीत, शेवटचं अक्षर त्या लांबवत न्यायच्या. मागून कोणी घाई केली की संभाजी नुसता हात वर करायचा. त्यांचं संपलं की पुढची ओळ.

विद्यानगरातल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी हे चालायचं. देगलूर, बिलोलीकडून नोकरीसाठी हैदराबादला आलेली आमची काही बौद्ध कुटुंबं अंगणात सतरंज्या टाकून बसायची. संभाजीचे वडील काचीगुड्याला रेल्वेत होते. वंदना त्यांनी सुरू केली, ते गेल्यावर ती संभाजीकडे आली. कोणाच्या बाळाचं नामकरण असो, कुकटपल्लीत कोणी फ्लॅट घेतलेला असो, शील द्यायला लोक त्यालाच बोलवायचे. एरवी तो सरकारी कचेरीत कारकून. चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. दोनदा जमत आलं आणि मोडलं. तिसऱ्यांदा त्याने मला मुलगी बघूच दिली नाही.

आणि खुबानी. काचीगुडा स्टेशनाबाहेर फळांच्या गाड्याखाली त्याला हे पिल्लू सापडलं होतं. रंग वाळलेल्या जर्दाळूसारखा, आणि हैदराबादेत जर्दाळूला खुबानीच म्हणतात. मला घरात कुत्रं नको होतं. "आई, दोनच दिवस," तो म्हणाला होता. त्या दोन दिवसांची अकरा वर्षं झाली.

वंदनेला ती त्याच्या उजव्या गुडघ्याशी बसायची. शेवटी सगळे तीनदा 'साधू' म्हणतात. तिसऱ्या साधूला ती उठायची, कारण त्यानंतर तिला बिस्किट मिळायचं. दुसऱ्याला कधी उठली नाही. दत्तोबा, म्हणजे आमच्या ह्यांचे रेल्वेतले मित्र, दर रविवारी तेच बोलायचे.

"संभाजी, कुत्री धम्म शिकली. आता तू संसार शिक."

"काका, तिला बिस्किट मिळतं. मला काय मिळणार?"

"तुला? बोलणी मिळतील. लाटण्यासकट!"

लोक हसायचे. मीही हसायचे. पण माझ्यानंतर या पोराचं कोण, हा विचार हसतानाही मनातून जायचा नाही. संध्याकाळी तो कचेरीतून आला की फाटकाशी त्या दोघांच्या गप्पा चालायच्या. आज साहेब काय म्हणाला, डब्यातली भाजी कोणी खाल्ली, सगळं तो तिला सांगायचा. स्वयंपाकघरात ते ऐकू आलं की मला वाटायचं, चला, कोणीतरी आहे. कुत्रं किती जगतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्या विचाराच्या वाटेलाच जात नव्हते.

राज्याची वाटणी झाली त्याच्या पुढच्या वर्षी संभाजीच्या हाताला तिच्या पोटाखाली गाठ लागली. कचेरीत तेव्हा सगळंच दोन राज्यांत वाटलं जात होतं. कपाटं, पंखे, जीपगाड्या, माणसंसुद्धा. आज अमुक आंध्राला गेला, आज दालनात मधोमध प्लायवूड ठोकलं, असं तो रोज येऊन सांगायचा. गाठ सापडल्या दिवशी मात्र तो कचेरीबद्दल काही बोलला नाही.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर पद्मावती खुबानीला पिल्लू असल्यापासून बघत होत्या. त्यांनी गाठ काढली, तपासायला पाठवली. कॅन्सर निघाला. पावसाळा बरा गेला. दिवाळीनंतर तिला धाप लागायला लागली, तेव्हा छातीचा एक्स-रे काढला. मी बरोबर होते. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरला. सगळीकडे पांढरे ठिपके, ज्वारी सांडल्यासारखे.

"फैल गया, संभाजी गारू."

"कापके निकालने का?"

"नहीं होता."

"कुछ दवा?"

"दर्द की देती हूँ. बाकी..." त्यांनी खुबानीचा कान हातात घेतला. "मेरा भी ऑर्डर आ गया. गुंटूर. जाने से पहले तुम बोले तो मैं घर को आके करती. इंजेक्शन देतेच नींद में चली जाती. मेरे बाद कौन आता, कैसा आता, क्या की."

संभाजीने एक्स-रे पाकिटात घातला. मग म्हणाला, "मॅडम, मैं लोगां को शील देतूं. पहला शील हीच ये है."

कोणत्याही जिवाची हत्या करणार नाही, हे ते पहिलं शील. डॉक्टरांनी मान हलवली. "सोचो," एवढंच म्हणाल्या.

खुबानीला आडवं होता येईना. आडवी झाली की गुदमरायची. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून ती बसून राहायची आणि डोकं जड झालं की हनुवटी संभाजीच्या गुडघ्यावर टेकायची. तो हलायचा नाही. भिंतीला पाठ लावून तसाच झोपायचा आणि सकाळी तसाच कचेरीत जायचा. मी नाचणीची पेज केली, कोंबडीचं पाणी गाळून दिलं. ती माझं मन राखायला एकदा जीभ लावायची आणि तोंड फिरवायची. "तू झोप, मी बसते," मी म्हणायचे. मी बसले की तिचे डोळे दाराकडे लागायचे. लहानपणी याला ताप भरला की मी कपाळावर पट्ट्या ठेवायचे, उतरेल असं सांगायचे. आता पट्टी ठेवायला कपाळच नव्हतं.

एका संध्याकाळी दत्तोबा आले. तिची अवस्था पाहून उभेच राहिले.

"अरे, सोडव की तिला."

"काका, परवा एका बाळाच्या नामकरणात मीच सगळ्यांकडून पहिलं शील म्हणवून घेतलं."

"ते मारणं वेगळं, हे वेगळं."

"आपल्या बाजूनं वेगळं. तिच्या बाजूनं?"

दत्तोबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. चहा न घेता गेले.

मग संभाजी माझ्याकडे वळला. "आई, तू सांग. तू म्हणशील तसं."

याला कोणत्या कॉलेजात घालायचं ते मी ठरवलं होतं. पोलीस भरतीला जायचं नाही हे मी ठरवलं होतं. त्याचे शर्टसुद्धा मी निवडत आले. मी तोंड उघडलं. सोडव म्हणावं, तर माझ्या शब्दाखातर त्याचं शील मोडणार. नको म्हणावं, तर ही धाप तशीच चालू राहणार, आणि तो ती ऐकत राहणार.

"पाणी आणू का तुला?" मी विचारलं.

त्याने हो म्हणून मान हलवली. मी पाणी आणलं, तो प्यायला. पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी त्याने स्वतःच डॉक्टरांना फोन केला. रविवारी वंदना झाल्यावर या म्हणाला. सोमवारी त्या गुंटूरला निघणार होत्या.

"उद्याची वंदना राहू दे ना," मी म्हटलं.

"मालनबाई दोन रिक्षा बदलून येतात आई. त्यांना काय सांगू?"

रविवारी सगळे आले. खुबानीला त्याने उचलून आणून उजव्या गुडघ्याशी बसवलं. त्रिसरण झालं. मग त्याने पहिलं शील म्हटलं. आवाज नेहमीसारखाच होता. लोकांनी म्हटलं, मालनबाईंचं शेवटचं अक्षर ओसरलं, आणि तो गप्प राहिला.

लोकांना वाटलं, नेहमीप्रमाणे थांबलाय. सगळ्यांनी मालनबाईंकडे पाहिलं.

"म्यां म्हणलं की रं!" त्या उखडल्या. "कवाच म्हणलं! माझ्याकडं काय बघायलाव?"

कोणीतरी हसलं. मालनबाईंचा पारा चढला. आपण खरंच म्हटलं हे दाखवायला त्यांनी पहिलं शील परत म्हटलं, एकटीने, खणखणीत, प्रत्येक शब्द सुटा करून. संभाजी खाली मान घालून ऐकत होता. त्याचा हात खुबानीच्या मानेवर होता आणि तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता.

दुसरं शील मी म्हटलं. पुढची तिन्हीही मीच म्हटली.

डॉक्टर आल्या होत्या. चपला काढून, बॅग हातात धरून फाटकाशी उभ्या होत्या. शेवटी तीनदा साधू झालं. तिसऱ्याला खुबानीने पुढचे पाय जमिनीत रोवले, थोडी उचलली गेली आणि परत बसली. संभाजीने बिस्किट दिलं. ते तिने तोंडात धरून ठेवलं, खाल्लं नाही.

लोक गेल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "तुम अंदर गए तो भी चलता. अम्मा बैठेंगे."

"नहीं मॅडम. मैं इधरीच बैठतूं."

तिची हनुवटी त्याच्या गुडघ्यावर होती. धाप आधी हळू झाली, मग थांबली. बिस्किट दातांतच राहिलं. डॉक्टरांनी बॅग बंद केली, माझे दोन्ही हात धरले आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मला तेलुगू येतं, पण त्या वेळी एक शब्द आत शिरला नाही.

आता वंदना दत्तोबा घेतात. संभाजी मागच्या रांगेत बसतो. पहिलं शील आलं की त्याचे ओठ मिटलेले असतात. पुढची चार तो म्हणतो. "पुढं बस की लेका," दत्तोबा म्हणतात. "बसेन," तो म्हणतो. फाटक उघडून तो आता सरळ घरात येतो. कचेरीत काय झालं ते मला कळत नाही. आता रात्र बरीच झाली, तरी त्याच्या खोलीतला दिवा चालूच आहे. तू केलंस ते बरोबर केलंस, एवढं वाक्य आईला म्हणता यायला हवं. पण बरोबर होतं का ते मला माहीत नाही, आणि खोटं बोलले तर माझ्या चेहऱ्यावरून त्याला लगेच कळतं.

दत्तोबा कोणासाठी थांबत नाहीत. मालनबाईंचं शेवटचं अक्षर चालू असतानाच त्यांची पुढची ओळ सुरू होते. त्या अर्ध्यावर गप्प होतात आणि मागे वळून संभाजीकडे बघतात. त्याचा हात वर जातो. मग तो हळूच खाली ठेवतो.