सॅम्पल फ्लॅटमधला तिरका गणपती

लोकहो, मी रोज नागपूरला अपडाऊन करतो. आज बायकोसोबत गावालगतच्या पिपरी मेघेत स्वस्तातला फ्लॅट पाहायला गेलतो. हॉलमधला गणपतीचा फोटो तिरका दिसला, म्हणून बायकोनं सरळ करायला हात लावला.

मागे भिंतीला भेग. बोट आत जाईल एवढी!

दलाल म्हणाला, "काळी माती हाय साहेब, नवं घर थोडं खाली बसतेच."

"मंग गणपतीले काऊन कामाले लावलं?" बायकोनं विचारलं.

तो चक्क हसला. "देवाचा फोटो कोणी हलवून पाह्यत नाई, ताई."

असल्या निर्लज्ज माणसाला मी तासभर 'भाऊ, भाऊ' करत होतो! फोटो सरळ असता, तर हात जोडून बयाणाही देऊन आलो असतो.

नवा फ्लॅट घेतलेल्यांनो, तुमच्याकडचा देव तुम्ही टांगला की बिल्डरनं?