कुसुम आत्याच्या गॅलरीतले बुटके टमाटे

मागच्या रविवारी नांदेडला कुसुम आत्याकडे गेले होते. आदल्या दिवशी संजयदादाचा फोन आला होता... "वानरांनी आईचं झाड मोडलं गं. येऊन जातीस का?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. धर्माबादजवळच्या शेतात मिरची, वांगी, टमाटे... तिचं उभं आयुष्य त्यात गेलं. गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू अधू झाली, आणि संजयदादा, म्हणजे तिचा मुलगा, तिला नांदेडच्या फ्लॅटवर घेऊन आला.

चालायला काठी लागली, त्याची तिने तक्रार केली नाही. पण हाताला काम नाही, हे तिला सोसेना. फिजिओथेरपीवाले रबरी बॉल दाबायला सांगायचे, तर ती तो मांडीवर ठेवून नुसती बसून राहायची. हळूहळू बोलणंच बंद झालं...

मी लातूरला गच्चीत कुंड्यांमधे बुटक्या जातीचे टोमॅटो लावते. झाड गुडघ्याएवढंही होत नाही, खोड चांगलं जाड, बांबू-सुतळीची भानगड नाही. कुंडी स्टुलावर ठेवली की खुर्चीत बसल्याबसल्या हात पोचतो. म्हणून दिवाळीनंतर त्यातलं एक रोप आत्याला नेऊन दिलं.

तिने ते फिरवून फिरवून पाहिलं. "टमाट्याचं हाय म्हन्तीस? मला तं तुळस वाटली!" आणि किती महिन्यांनी ती हसली...

मग तिचेच फोन यायला लागले. एकदा म्हणाली, फुलं येतात पण गळून जातात. गॅलरीला काचा लावलेल्या, वारा कुठून येणार? मी सांगितलं, फुलांचे देठ हलकेच हलवत जा, पराग झडला की फळ धरेल.

काही दिवसांनी पुन्हा फोन. आवाजात नुसता आनंद. "फळ धरलं गं! उजवा हात तसा बी थरथरतोच... तोच देठाला लावते. हितं वारं न्हाई, तं मीच वारं होऊन राहिले."

ज्या हाताकडे ती बघतही नव्हती, तो हात तिने कामाला लावला होता!

आणि आता हे झाड मोडलेलं. गॅलरीची काच उघडी राहिली, वानरं आत शिरली, पिकायला आलेली फळं खाल्ली आणि झाडाचा पार चुराडा केला. बसमधे सगळा वेळ एकच विचार... आत्या पुन्हा गप्प झाली तर?

दार उघडलं तर आत्या गॅलरीत खुर्चीवर. समोर आइस्क्रीमचे रिकामे डबे, रंगाची एक जुनी बादली, कान तुटलेला कप... सगळ्यांत ओली माती आणि प्रत्येकात एकेक फुटवा उभा. मोडलेल्या झाडाचे धड राहिलेले शेंडे तिने निवडून मातीत रोवले होते. दोन-तीन माना टाकून होते, बाकीचे सावरत होते.

मी म्हटलं, "आत्या, वाईट वाटलं असेल ना गं?"

"वाटलं की. काल सकाळी रडले बी थोडं. पर फुटवे सुकून राहिले व्हते, रडत बसून कसं जमंल? तू बघत काय बसलीस, तो कप उनातून काढ! मुळ्या फुटूस्तर सावलीत पाह्यजे."

मी कप उचलला तर ओरडली, "खोडाला धरू नको, खालून धर!" आत स्वयंपाकघरात संजयदादा तोंडावर हात ठेवून हसत होता... डोळे मात्र भरलेले.

ही रोपं जगली की ती फिजिओथेरपीला येणाऱ्या बायकांना वाटणार आहे म्हणे. त्यांना फुलं कशी हलवायची, ते स्वतः शिकवणार आहे.

दुपारभर ती मला कामं सांगत होती, चुकलं की रागवत होती. मधूनच उजव्या हाताची बोटं मातीत रोवून फुटव्याच्या बुडाशी माती दाबत होती... हळू, वाकडीतिकडी, पण दाबत होती. शेतावर सगळ्यांना कामाला लावणारी माझी आत्या मला त्या चार फुटांच्या गॅलरीत पुन्हा भेटली. कुणाची बोलणी खाताना इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.