दोन पंचांगं आणि एक पुडी

मुलांनो, "आजी, व्हिटॅमिन तर चांगलं असतं, मग जास्त झालं तर काय बिघडतं?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. काका शेजारीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला. आता लिहिते.

धारला माझी मोठी बहीण एकटी राहायची, आमच्या माहेरच्याच घरात. घर विकून तिचा मुलगा तिला पुण्याला नेणार होता. त्याआधी मला तिच्यापाशी थोडे दिवस राहायचं होतं. पिशवी भरून झाली आणि इकडे देवासला माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह वर, डी त्याहून वर, कॅल्शियमही किंचित वाढलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, डीची पुडी महिन्याला एकच ना?"

"एकच. महिना लागला की घेते."

"हो ना," तुमची काकू म्हणाली. "पूनम झाली की दुसऱ्या दिवशी मीच दुधात घोळून देते."

"पुनवेनंतर? अगं, महिना अमावास्येनंतर लागतो!"

"आपका लगता होगा, आईजी. हमारा तो पूनम से ही लगता है."

काकू माळवी घरातली, आपण मराठी; तिचं पंचांग वेगळं. सणांना आम्ही हे जाणतो, पुडीच्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक मी घेत होते, एक ती पाजत होती. शिवाय तुमच्या बाबांनी पाठवलेल्या रोजच्या गोळीतही डी होतंच.

डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या चालू असताना बी-ट्वेल्व्ह वाढलेलं दिसणारच, जास्तीचं बहुतेक लघवीवाटे जातं. डी मात्र चरबीत साठतं आणि सावकाश उतरतं. ते फार वाढलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मला लागणारी तहान मी उन्हाळ्याच्या नावावर खपवली होती. पुडी, गोळ्या सगळं बंद करायचं, पाणी भरपूर प्यायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं, असं ठरलं.

पुढचं सगळं काकाने स्वतःच ठरवलं, पण सांगितलं डॉक्टरांच्या नावाने. "रिपोर्ट उतरेपर्यंत तू कुठेही जायचं नाहीस." औषधांच्या कपाटाला कुलूप लागलं. सकाळी गच्चीवर जाणंही बंद झालं, का तर उन्हातही डी असतं! मी पडद्याआड बसून स्वतःच्याच चरबीतून काहीतरी झिरपून जायची वाट पाहत राहिले. असल्या कामात माणसाला घाईही करता येत नाही.

ताईचा फोन यायचा. "येतेस, की तुझ्या वाट्याची पितळी भांडी भंगारवाल्याला देऊ?"

"मला सोडत नाहीत गं."

"सासरी आल्या दिवसापासून हेच सांगतेस!"

हसायची. एकदा म्हणाली, "लवकर ये बाई. खोल्या रिकाम्या झाल्यात, बोललं की घुमतं."

दुसरा रिपोर्ट आला. कॅल्शियम ठीक होतं, डी बरंच उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "उन्हात बसत जा, उन्हाने एवढं कधी वाढत नाही. आणि मागे म्हणत होतात, ते धारला जाऊन आलात ना?"

"तुम्हीच मना केलं होतं ना प्रवासाला?" मी म्हटलं.

"मी? प्रवासाचा आणि याचा काय संबंध?"

काका रिपोर्ट वाचत राहिला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, उद्याच निघू. मी नेतो तुला धारला."

ताई आदल्याच आठवड्यात पुण्याला गेली होती.

"कुणाकडे?" मी विचारलं.