मामांचा बंदोबस्त

माझा आवाज मोठा आहे. माहेर पनवेलच्या बाजारात, खाली भांड्यांची दुकानं. तिथं ओरडल्याशिवाय पलीकडच्या खोलीतल्या आईलाही ऐकू जायचं नाही. लग्न होऊन नेऱ्याला आले ती तोच आवाज घेऊन. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल गो पोरी. त्यांना ऐकू जातं."

त्यांना म्हणजे उंदरांना!

घरामागं कोंबड्यांचं खुराडं होतं. वीसेक गावठी कोंबड्या, आणि खालून जमीन पोखरून येणारे हे चोर. अंडी पळवायचे, पिल्लं ओढून न्यायचे, एका कोंबडीचं तर बोटच कुरतडलेलं. पण सासूबाईंचा कायदा असा, की त्यांचं नाव घ्यायचं नाही आणि विषाची गोष्ट तर मुळीच काढायची नाही. त्यांना सगळं कळतं, मग ते डूख धरतात म्हणे. मी खो खो हसले. भर परसात उभी राहून म्हणाले, "उंदरांचं औषध आणते उद्या, एकेकाला लोळवते!" दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या साडीच्या पदराची चाळण झालेली. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काय. पण त्यानंतर मीही नाव घेणं सोडलं.

सासूबाई नुसतं 'ते' म्हणायच्या. मला 'ते' म्हटलं की नवराच आठवायचा. म्हणून मी लहानपणीच्या उंदीरमामातला उंदीर गाळला आणि मामा ठेवला. आईला फोनवर सांगायला बरं पडायचं.

आता नात्यात खरे मामाही होते, हे माझ्या डोक्यात यायला नको? सासूबाईंचे थोरले भाऊ. मामी गेल्यापासून एकटेच, दोन घरं सोडून राहायचे. रोज सकाळी मागच्या फाटकातून थेट आत यायचे, खुराडं उघडायचे, अंडी गोळा करायचे आणि चहाबरोबर एक उकडलेलं अंडं खाऊन जायचे. एकच. सासूबाईंशी दोन शब्द बोलायचे, माझी थट्टा करायचे. दिवसभरात त्यांचं तेवढंच काय ते बोलणं व्हायचं.

आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त परसातल्या शेवग्याखाली यायची, तीही ओरडलं तर. एके सकाळी आईनं विचारलं, अंडी का नाही पाठवलीस? झालं, माझं डोकंच फिरलं. "कुठली अंडी? मामांनी काही ठेवली तर ना! रोज येतात, फुकटचं खातात. नुसता उच्छाद मांडलाय. आता खाण्यातून काहीतरी घालते आणि सुटते एकदाची!" मागं फाटक करकरलं. मला वाटलं, वारा असेल.

त्या दिवशी मामा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी सासूबाई जाऊन आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "दादा बोलला, मला आता अंडी पचत नाय. आनि बोलला, सुनंला सांग, काय घालायची गरज नाय. काय घालनार होतीस गो तू?"

म्हणजे परवा फाटक वाऱ्यानं करकरलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन मी धावत सुटले.

मामा ओट्यावर चहा घेत बसले होते. नुसता चहा. मला बघून उठले आणि पाहुणीला द्यावी तशी खुर्ची पुढं केली. मला रडूच फुटलं.

"मामा, मी तुम्हाला नाही हो म्हणाले. त्या मामांना म्हणत होते."

"कंच्या मामांना? मी एकलाच हाय."

आता कसला कायदा आणि कसलं काय. मी ओरडले, "उंदीर! उंदीर हो मामा, उंदीर!" समोरच्या दोन बायका दारात आल्या.

मामा दचकले. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "शू! हळू बोल गो. ऐकतील ना ते." आणि असे हसले, असे हसले, की कपातला चहा धोतरावर सांडला. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "मी बी मनात बोललो, एकच तर खातो मी."

दुसऱ्या दिवशी ते सिमेंट, फुटक्या काचा आणि बारीक भोकांची जाळी घेऊन हजर. बिळांत काचा ठोकल्या, वर सिमेंट ओतलं, खुराड्याला चारही बाजूंनी जाळी मारली. सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडायचं काम माझ्या गळ्यात घातलं. उंदीर हटले. काम झालं त्या दुपारी मी मुद्दाम दोन अंडी उकडून मामांपुढं ठेवली. त्यांनी एक खाल्लं, दुसरं माझ्याकडे सरकवलं. "हे तुझ्या दुसऱ्या मामाला ठेव."

पुढं कितीतरी वर्षं आले मामा. फाटकाशी उभे राहून हाक मारायचे, "खरा मामा आलाय गो!" आम्ही सगळे हसायचो, तेही हसायचे. पण पूर्वी ते फाटकाशी कधी थांबत नसत. आता मी "या मामा" म्हणेपर्यंत पाऊल आत टाकायचे नाहीत.