हॅम्बुर्गमधलं पाटलांचं ताट

हॅम्बुर्गहून परत आल्यावर मला गावोगाव एकच प्रश्न यायचा, "मास्तर, तिकडून काय शिकून आले?" शेती शिकून आलो, असं मी सांगायचो. ते खोटं नव्हतं. पण चार माणसं पारावर बसली, पानाचा डबा फिरला, की कुणाला खतांची माहिती नको असते. त्यांना बापूराव पाटील हवे असतात! आणि पाटलांचा एक किस्सा सांगितला की दुसरा त्याच्या मागोमाग येतोच.

एकसष्ट-बासष्टची गोष्ट. जर्मनीबरोबरच्या शेतकऱ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेत आम्ही तिघं निवडलो गेलो. आर्णीकडचे बापूराव पाटील, पन्नाशीचे, जमीनजुमलावाले. त्यांच्याच गावचा सुदाम भगत, तिशीचा, कपाशीच्या पीकस्पर्धेत पहिला आलेला. आणि मी शेतकी शाळेतला मास्तर, मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून. सुदामच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला होता. पाटलांकडं त्याचं येणं-जाणं होतं, पण ओसरीपर्यंत. उंबरठ्याच्या आत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

निघायच्या दिवशी पाटीलकाकूंनी नवऱ्याकडून वचन घेतलं. "तिकडं काही बी होवो, आपलं ताट येगळं ठेवजा." सुदाम ओसरीवरच बसला होता, त्यानं ते ऐकलं. वर काकू मला म्हणाल्या, "मास्तर, तुमी लक्ष ठेवजा." म्हणजे परदेशात जाऊन मला काय काम, तर पाटलांच्या ताटाची राखण!

हॅम्बुर्ग स्टेशनवर एक उंच साहेब आम्हाला घ्यायला आले. त्यांनी पाटलांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. आता आपल्याकडं हातात गुच्छ पडला म्हणजे सत्कार झाला, आणि सत्काराला उत्तर दिल्याशिवाय माणूस खाली बसत नाही. पाटलांनी पिशवी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि भर प्लॅटफॉर्मवर सुरुवात केली, "अध्यक्ष महाशय आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो..."

कापसाचा भाव झाला, आर्णीचा रस्ता झाला, गेल्या सालचा पाऊस झाला. जाणारी-येणारी माणसं थांबायला लागली. साहेबांनी मला हळूच विचारलं, "काय म्हणतायत?"

"आभारी आहे, असं म्हणतायत," मी सांगितलं.

"तुमची भाषा फार लांब आहे," साहेब म्हणाले. शेवटी सुदामनं टाळ्या वाजवल्या, तेव्हा गर्दीनंही वाजवल्या. पाटील आठवडाभर खूश होते.

हॉटेलात तिघांना मिळून एक खोली. पाटील कापूसवाले, गादी-उशी दिसली की आतला कापूस बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. उशीच्या शिवणीत बोट घालून त्यांनी चिमूटभर बाहेर काढलं, अंगठ्यानं धागा ओढायला गेले, तर हातात पिसं! पाटील माळकरी. ते उठून उभेच राहिले.

"कोंबडीवर डोकं ठेवून झोपू काय मी?"

सुदाम आपली उशी बडवत होता. "पाटील, ते कोंबडी कवाच मेली. आता तिले तुमच्या डोक्याचं काय वजन होते?"

पाटील जमिनीवर घोंगडी टाकून झोपले. तिसऱ्या दिवशी मान धरली, तेव्हा त्यांनी टॉवेल गुंडाळून घेतला. उशीला हात लावला नाही तो नाहीच.

एका शेतावर आम्हाला नवाकोरा ट्रॅक्टर दाखवला. वर चढायच्या आधी पाटील वाकले, पुढच्या चाकाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. औत धरायच्या आधी बैलाच्या पाया पडायची त्यांची जन्माची सवय. पण शेताच्या मालकाचा चेहरा उतरला. तोही वाकला, त्यानंही चाक चाचपलं, मग मिस्त्रीला बोलावून आणलं. मिस्त्रीनं चाकाचे सगळे नट परत आवळले. पाटील म्हणाले, "पाहा मास्तर, किती भक्तिभाव आहे यायच्यात!"

आता ताटाचं सांगतो. पहिल्या दिवशी पाटील आपलं ताट घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर एकटेच बसले. हॉटेलातली खानावळ चालवणारी बाई वयस्कर, मायाळू. तिला वाटलं, या माणसांचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी तिनं पाटलांना दंडाला धरून आणलं, सुदामच्या शेजारी बसवलं, दोघांच्या मधे बटाट्याचं एकच मोठं भांडं ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून तिथंच उभी राहिली. पाटील उठले की ती बसवायची. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. भूक मात्र लागली होती.

पाटलांनी बराच वेळ त्या भांड्याकडं बघितलं. मग मला म्हणाले, "मास्तर, तुमी जरा तिकडं पाहा."

मी खिडकीबाहेर बघितलं. पुढचे सगळे दिवस बघत राहिलो. हॅम्बुर्गचा तो रस्ता मला अजून तोंडपाठ आहे!

परतीच्या गाडीत पाटील डुलक्या घेत होते. सुदाम खिडकीशी बसून होता. मी म्हटलं, "पाटील बदलले रे." तो हसला.

"तिकडं बदलले, मास्तर. तिकडं पाह्यणारं कोन होतं? धामणगावले गाडीतून उतरलो का मंग पाहू. मले तं तेच्याचीच धाकधूक लागून राह्यली." मला वाईट वाटलं.

धामणगावला उतरलो, यवतमाळवरून पाटलांच्या गावी पोचलो. गावकरी भेटून गेले. पाटील आणि मी आत पाटावर बसलो, सुदाम ओसरीवर त्याच्या नेहमीच्या जागी. जायला निघाला तेव्हा काकू दारातून म्हणाल्या, "जेवून जा न, भाऊ." आमच्याकडं हे म्हणायची रीत आहे, आणि "नाही काकू, आताच जेवलो" म्हणून निघून जायचीही रीत आहे. सुदाम इतकी वर्षं तेच म्हणत आला होता.

सुदाम थांबला. त्यानं पाटलांकडं बघितलं, काकूंकडं नाही.

"हो काकू," तो म्हणाला. "भूक लागली."

त्यानं रांजणाजवळ जाऊन पाय धुतले आणि तो उंबरठा ओलांडून आत आला. पाटील आपल्या पाटावरून थोडे सरकले. काकूंनी तिसरं ताट मांडलं, भाकर वाढली, पण त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. मग त्यांनी दुधाचं भांडं उचललं.

"त्याले दूध नको वाढू," पाटील भाकर मोडता मोडता म्हणाले. "दुधानं त्याचं पोट बिघडते. ताक वाढ."

काकूंचा हात तसाच थांबला.

"तुमाले कसं ठावं?"

पाटलांनी मान वर केली नाही. सुदामनंही केली नाही. काकूंनी दोघांच्या वाकलेल्या मानांकडं बघितलं, दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि ताक आणायला आत गेल्या.