कन्हानच्या रेतीतलं राजस्थान

मे महिन्यात कन्हान नदीच्या पात्रात तंबू ठोकून राहायची कल्पना ज्या गृहस्थांना सुचली, त्यांना आम्ही सर म्हणत असू. ते कुठल्याच शाळा-कॉलेजात शिकवत नव्हते. एका सरकारी कचेरीत ते अधीक्षक होते आणि नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी एक भ्रमण मंडळ चालवत. भ्रमण फारसं होत नसे, बोलणं पुष्कळ होई. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला ते राजस्थानात चार दिवस जाऊन आले होते. परत आले ते वाळवंटाचे तज्ज्ञ होऊन. येताना एक लांबलचक रंगीत पागोटं आणलं होतं. ते त्यांना बांधता येत नसे, त्यामुळे बोलता बोलता त्याचं सुटलेलं टोक सारखं त्यांच्या तोंडात जाई.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांतली. मी बावीस-तेवीस वर्षांचा कारकून होतो. सक्करदऱ्याला एका खोलीत माझा एक मित्र आणि मी भाड्यानं राहत होतो. तो माझ्याच टेबलाशेजारी बसायचा. शेतकऱ्याच्या घरचा, अंगानं भरलेला, अबोल. त्याला मंडळात मीच ओढून नेलं. मला तिथं काय मिळत होतं ते आज सांगायला लाज वाटते. सर अधूनमधून वर्तमानपत्रात मंडळाची बातमी छापून आणत आणि त्या बातमीत आपलं नाव यावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

पुढच्या हिवाळ्यात मंडळ खऱ्या वाळवंटात जाणार, असं सरांनी जाहीर केलं. त्यासाठी आधी सराव हवा. आणि सराव कुठं? तर मौद्याजवळ, नदीच्या रेतीत, तीन दिवस, भर मे महिन्यात.

"वाळवंट म्हणजे वाळवंट," सर म्हणाले. "नदीचं काय आणि राजस्थानचं काय. ऊन तर आपलं त्यांच्यापेक्षा कडक आहे."

ओट्यावरचे सगळे खुशीत हसले. आम्हा नागपूरकरांना उन्हाची भारी घमेंड. जणू तो सूर्य आमच्याच घराण्यातला. घमेंड मारणारे सगळे मात्र दुपारी वाळ्याच्या ताट्या भिजवून, पडदे ओढून झोपतात.

माझा मित्र तेवढा हसला नाही. हळूच म्हणाला, "सर, आमच्या गावी बैलालेही बारा वाजता सोडते जी."

"म्हणूनच तुमची गावं मागे राहिली," सर म्हणाले.

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो, हे इथं नोंदवलं पाहिजे.

शेवटी आम्ही पाचच जण निघालो. सर, आम्ही दोघं आणि कॉलेजात शिकणारे दोन सख्खे भाऊ, ज्यांना घरी कोणी विचारत नसावं. एसटीनं मौद्याला उतरलो आणि सामान डोक्यावर घेऊन नदीत शिरलो. त्या दिवसांत पात्रात पाणी म्हणजे पलीकडच्या काठाला लागून एक बारीक धार. बाकी सगळी पांढरी रेती, डोळे मिटायला लावणारी. मधूनमधून डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे होते. मासेमारी करणारे ढीवर लोक उन्हाळाभर रेतीत खड्डे करून टरबुजं आणि डांगरं लावत आणि तिथंच तुराट्यांच्या झोपडीत राहत.

तंबू मिलिटरीच्या भंगारातला, जाड कॅनव्हासचा. रेतीत त्याच्या खुंट्या टिकेनात. एक ठोकली की दुसरी उपटून यायची. सर पागोटं सावरत सूचना देत होते आणि प्रत्येक सूचनेनंतर तंबू नव्या बाजूनं पडत होता. अखेर दगड बांधून तो उभा राहिला. आत शिरलो तर तव्यावर झाकण ठेवावं तसं. सरांनी खिशातून वही काढली आणि नियम वाचून दाखवले. माणशी दिवसाला एक फौजी बाटली पाणी. नदीच्या धारेकडे जायचं नाही, कारण वाळवंटात नदी नसते. पाण्यासाठी रेतीत झिरा खणायचा नाही, कारण वाळवंटात झिरा लागत नाही. सावलीला झाडाखाली जायचं नाही. दुपारी बारा ते एक कवायत.

दोन फर्लांगावर थंड पाणी वाहत होतं आणि पाच मोठी माणसं ओठ चाटत बसली होती. याहून मूर्ख दृश्य मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यात मी स्वतः बसलेलो होतो.

पहिल्या दुपारी आम्ही भाजलेल्या रेतीतून एका बाभळीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. बाभळीच्या सावलीत थांबायला बंदी होती, म्हणून तिला हात लावून फिरलो. रेती चपलेत शिरून तळवे पोळत होती. संध्याकाळी खिचडी केली. तिच्यात तांदळाइतकीच रेती होती. सर म्हणाले, "हीच खरी मजा." त्यांनी मात्र घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या, कारण त्यांना पित्ताचा त्रास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या डांगरवाडीतली बाई आली. चाळिशीची असेल, कोरड्या काटकुळ्या अंगाची, डोक्यावर ओला पदर. कमरेवर हात ठेवून तिनं आमचा तंबू सगळ्या बाजूंनी पाहिला.

"काहून जी, घरदार नाही का तुमाले?" तिनं विचारलं.

सरांनी तिला प्रशिक्षण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पाण्याचा नियमही सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पानी हाये, अन् प्याचं नाही?"

"बरोबर."

"उपास हाये का?"

धाकटा भाऊ फिसकन हसला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. बाई जाता जाता म्हणाली, "दुपारी बाहेर नका निघू बापा. आज वारा बंद हाये." सर तिच्या पाठीकडे बघत आम्हाला म्हणाले, "अडाणी लोकांना साहसाची कल्पना नसते." त्या बाईचा जन्म त्या रेतीत गेला होता. सर आदल्या दिवशी आले होते.

त्या दुपारी पुन्हा कवायत झाली. परत आल्यावर माझा मित्र तंबूच्या तोंडाशी बसला. चेहरा विटेसारखा लाल. बराच वेळ तो आपल्याच हाताकडे बघत होता. मग मला म्हणाला, "का गा, मले घाम येऊन नाही राहिला."

मी त्याच्या दंडाला हात लावला. कोरडा ठणठणीत आणि चुलीवरच्या भांड्यासारखा तापलेला. त्याची बाटली सकाळीच संपली होती. माझ्या बाटलीत दोन घोट होते, ते मी त्याला दिले. ते उलटून पडले. मी सरांना हाक मारली.

सरांनी वाकून पाहिलं. "पहिले दोन दिवस असं होतंच," म्हणाले. "शरीर नाटक करतं. लक्ष दिलं नाही की आपोआप ताळ्यावर येतं." मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. वही उघडीच होती, मला दिसलं. लिहिलं होतं: सदस्य क्रमांक तीन, मनोधैर्य कमी.

"मी नदीवरून पाणी आणू का?" मी विचारलं.

"नियम म्हणजे नियम. पुढची बाटली संध्याकाळी सहाला."

आणि मी खाली बसलो.

ते मी का केलं हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. सर माझे वरिष्ठ नव्हते, माझी बढती त्यांच्या हातात नव्हती. एक पागोटं न बांधता येणारा माणूस नियम म्हणाला आणि मी रेतीत मांडी घालून बसलो. अर्धा तास तरी बसलो असेन. तेवढ्यात मित्र काहीबाही बरळायला लागला. आईला हाका मारत होता, बैल सोडा म्हणत होता. दोघे भाऊ घाबरून तंबूच्या मागे जाऊन उभे राहिले.

त्याचं ओरडणं त्या बाईच्या कानावर गेलं. ती रेतीतून अनवाणी पळत आली, मागून तिचा नवरा. तिनं कोणाला काही विचारलं नाही. मित्राच्या कपाळाला पालथा हात लावला आणि माझ्याकडे वळली.

"त्याले ऊन लागलं नं! मरून जाईल ना तो! पाहून काय राहिले? उचला!"

"बाई, हे आमचं शिबिर आहे," सर म्हणाले.

"तुमचं शिबिर घाला चुलीत," ती म्हणाली.

तिचा नवरा आणि मी मिळून मित्राला त्यांच्या झोपडीत नेलं. आत विलक्षण गार होतं. तुराट्यांच्या भिंतींवर तिनं भिजलेली पोती टाकली होती आणि बसायची जागा रेतीत हातभर खोल खणलेली होती, जिथं ओल लागते तिथवर. मित्राला तिथं आडवं केलं. तिनं त्याचा सदरा काढला, झिऱ्याचं पाणी अंगावर ओतलं, भिजवलेलं लुगडं पांघरलं, कांदा ठेचून तळपायांना चोळला. मी वारा घालत राहिलो. तो शुद्धीवर आल्यावर तिनं त्याला भाजलेल्या कैरीचं खारं पन्हं एक एक चमचा पाजलं. तिचा नवरा गावातून बैलगाडी घेऊन आला. उन्हं कलताना आम्ही मित्राला मौद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर तसाच ठेवला असता तर इथं आणायची गरज पडली नसती.

सर दवाखान्यात आले नाहीत. दोन भावांना घेऊन त्यांनी तिसरा दिवसही पुरा केला.

पंधरा दिवसांनी मंडळाची सभा झाली. सरांनी वहीतून वृत्तांत वाचला. मित्राबद्दल एकच वाक्य होतं: "एका सदस्याची प्रकृती किंचित बिघडली होती, तीवर योग्य ते उपचार करण्यात आले." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बातमी छापून आली, तिच्यात माझं नाव होतं. कात्रण मी कापून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी फाडलं. फाडण्यात काही मोठेपणा नव्हता, मित्राच्या हाती लागू नये एवढंच मनात होतं.

त्यानंतरच्या रविवारी एक नवं लुगडं घेऊन मी मौद्याला गेलो. डांगरवाडी उठायला आली होती, वेल वाळले होते, नवराबायको शेवटची डांगरं टोपल्यात भरत होती. मी लुगडं पुढं केलं. तिनं हात पुसला, पण घेतलं नाही.

"वाचला का तो?"

"वाचला."

"मंग झालं." ती पुन्हा कामाला लागली. मी तिथंच उभा होतो. टोपली भरता भरता, मान वर न करता ती म्हणाली, "तो पागोटेवाला बाबू येडा हाये, ते मले पहिल्याच दिवशी समजलं. तुमी तर शाने दिसत होते जी."

मी लुगडं घेऊन परत आलो.

मित्राची तब्येत सुधारायला पावसाळा उजाडला. तो गावाकडे, घरूनच रजा वाढवत होता. ऑफिसात रुजू झाला त्या दिवशी आम्ही खोलीवर स्वयंपाक करत होतो. मी पोळ्या लाटत होतो, तो भाजी हलवत होता. भाजीकडेच बघत त्यानं विचारलं, "नदी तं जवळच होती. तू काहून नाही गेला गा?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हणालो, "सर नको म्हणाले."

"हो," तो म्हणाला. "म्हणाले खरं."

आम्ही जेवलो. पुढच्या महिन्यात त्यानं बदली मागून घेतली आणि भंडाऱ्याला गेला. खोलीत त्याच्या जागी दुसरा कोणी आला, तोही काही दिवसांनी गेला.