दत्ताकाकांचं नाक

भाजल्या जाणाऱ्या धण्यांचा वास आधी गोड असतो, मग उबदार होतो आणि मग एका निसटत्या क्षणी कडू! त्या कडूपणाच्या अलीकडे, अगदी एका श्वासाच्या अंतरावर, कढई उतरवायची असते. हे ज्ञान मला कुठल्या ग्रंथाने दिलं नाही. दिलं ते मुलुंडला मसाला कांडपाची गिरणी चालवणाऱ्या माझ्या धाकट्या काकांनी. दत्ताकाका जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाचे गुण मागाहून मोठे दिसू लागतात म्हणतात. पण मी तर त्यांच्या हयातीतच त्यांच्यापुढे थक्क होऊन उभी राहिले आहे.

काय नाक होतं त्यांचं! चैत्र-वैशाखात गिरणीसमोर बायकांची रांग लागे, आणि काका पिशवीचं तोंड जरासं उघडून सांगत, "ह्या मिरच्यांका ओल लागली हा, वैनी. आणखी दोन उन्हां दाखवा." कोणाच्या घरात तिरफळ चालतं, कोणाला दगडफूल वर्ज्य, सारं त्यांना ठाऊक. उपनगरातल्या कितीतरी घरांची चव त्या दोन नाकपुड्यांत वस्तीला होती.

आणि मग कोरोना आला. काकांचा ताप उतरला, खोकला थांबला, पण वास परतला नाही. आठवडे गेले, महिने गेले. कापूर, हिंग, लसूण, काही म्हणजे काही कळेना. गवयाचा कान जावा तसंच की हे! काकू घाबरल्या. "कोणाला बोलू नका," त्या म्हणाल्या. "मी हुंगून हळूच सांगत जाईन. तीस वर्षांचं नाव आहे आपलं." काकांनी मान डोलावली आणि गिरणी उघडली.

पहिल्याच हंगामातली गोष्ट. त्या सकाळी मी तिथेच होते. भांडुपच्या गावठाणातल्या रोझीमावशी वर्षाचा मसाला घेऊन आल्या होत्या. पंधरा-वीस जिन्नस, एकेक वेगळा भाजायचा. काकू आत फोनवर. धणे कढईत चढले. काका वाकले, सवयीने श्वास ओढला, आणि त्यांचा उलथणं धरलेला हात थबकला. मला दुरून वास गोडच वाटत होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर आलेली ती असहायता मी कधी विसरणार नाही. एवढा जाणता माणूस, आणि स्वतःच्याच राज्यात आंधळा! त्यांनी गॅस बंद केला.

"रोझीबाय, माका वास येणा नाय," ते सर्वांदेखत म्हणाले. "ताप इल्यापासून. तुमचो वर्षाचो मसालो हा. दुसरीकडे नेलात तरी माका राग नाय."

रोझीमावशी उठल्या, कढईवर वाकल्या, दीर्घ श्वास घेतला.

"पेटव तो गॅस," त्या म्हणाल्या. "अजून कच्चे आहेत. तुझं नाक गेलं तर काय झालं रे, दत्ता? आमची आहेत ना! तू हात चालव, मी सांगते."

त्या दिवसापासून गिरणीची रीतच पालटली. काका भाजत, आणि जिचा मसाला ती बाई शेजारी स्टुलावर बसून हुंगत राही. हळूहळू काका धण्यांच्या तडतडीवरून, मिरचीच्या बदलत्या रंगावरून अंदाज बांधू लागले. साठीनंतर आपली विद्या पुन्हा पहिल्यापासून शिकले. काही गिऱ्हाइकं गेलीही, खोटं कशाला सांगू? पण आपल्या सर्वस्वाची उणीव अशी भर दुकानात उघडी करायची, तीही कोणी विचारलं नसताना, हे बळ माणूस कुठून आणतो? आम्ही तर साधा पडलेला दातही लपवतो.

एकदाच मी त्यांना हळवं पाहिलं. माझी मुलगी दोन महिन्यांची असताना ते भेटायला आले होते. नुकतीच तिची अंघोळ झालेली. त्यांनी तिला उचललं, तिच्या जावळात नाक खुपसलं आणि तसेच राहिले.

"वास कसो येता गो?" त्यांनी विचारलं.

मी कॉलेजात मराठी शिकवते. शब्दांना मला तोटा नाही. पण त्या क्षणी सापडला तो एकच. "गोड," मी कशीबशी म्हणाले.

"तसा नको. मसाल्याचा सांगतत तसा सांग. त्यात काय काय पडला हा?"

मी तिच्या डोक्याशी वाकले. "दूध," म्हटलं. "खोबरेल तेल. ओव्याची धुरी, अगदी किंचित. डाळीचं पीठ. आणि... नुकतं उन्हातून काढलेलं मऊ सुती कापड."

काका डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांच्या ओठांवर हसू उमटलं.

"इलो गो वास," ते म्हणाले.